‘डायस्पोरा’साठी ‘परागंदा’ चालेल का?

एका कलावंत बाईंचा परिचय मराठीत आणतेय. त्या डीजे आहेत, शिवाय दृश्यकला आणि सादरीकरणही करतात. विषय: सबकल्चर, मिथॉलॉजी, डायस्पोरा. पहिल्याला ‘उपसंस्कृती’ घेतलं. पुढच्या दोन्हींशी अडलेय. ‘डायस्पोरा’ला ‘अनिवासी’ पटत नाही.

—

‘अनिवासी’ नकोच, तो करखात्याचा शब्द. ‘डायस्पोरा’च्या ग्रीक मुळात बी विखरावं तसं विखुरणं आहे, आणि विखुरतो तो अख्खा समाज. आपला ‘परागंदा’ फारसीतून आलाय आणि त्याचाही मूळ अर्थ विखुरलेला असाच. ‘दुष्काळात गाव परागंदा झालं’ म्हणताना नाइलाजही त्यात येतो. मी बिनदिक्कत वापरेन.

—

घर सोडणाऱ्या पिढीपुरता ठीक. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांचं काय? डीजे कूल हर्क जमैकातल्या किंग्स्टनचा, 1967 मध्ये घरच्यांबरोबर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये आला. 11 ऑगस्ट 1973 ला बहिणीने ठेवलेल्या पार्टीत त्याने रेकॉर्डी वाजवल्या, आणि हिपहॉपचा जन्म तिथला मानतात. त्याला परागंदा म्हटलं तर काहीतरी करून पळालेला वाटेल. डायस्पोरात नव्या जागी रुजणंही आहे, ते ‘परागंदा’त अजिबात येत नाही. ‘डायस्पोरा’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘देशोदेशी विखुरलेला समाज’ एवढं जोडा.

—

मिथॉलॉजीला ‘पुराणकथा’ करू नका, ही कळकळीची विनंती. ‘प्राक्कथा’ही नको. दोन्हींत जुनेपण गृहीत आहे, आणि या क्षेत्रातले लोक पुष्कळदा मिथकं नव्याने रचतात. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या ड्रेक्सिया या जोडीचं घ्या, टेक्नो म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत करणाऱ्या. त्यांच्या 1997 च्या संगीतसंग्रहासोबतच्या मजकुरात एक प्रश्न आहे: गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गरोदर आफ्रिकी स्त्रियांची मुलं पाण्यातच जन्मून जगली असतील का? पोटातलं मूल नाहीतरी पाण्यातच वाढतं, हा त्यांचा आधार. त्यातून समुद्रतळाशी एक अख्खं राष्ट्र उभं राहतं. ज्यांच्या पूर्वजांची नावंही कुणी नोंदली नाहीत, त्यांनी स्वतःसाठी घडवलेला हा उगम आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. त्याला ‘पुराण’ म्हटलं की ही निर्मितीच झाकली जाते. ‘मिथक’ घ्या, ‘मिथकनिर्मिती’ही चालेल.

—

‘डीजे’कडेही बघा. ‘डीजे लावला’ या वापरामुळे मराठी वाचकासमोर आधी स्पीकरची भिंत येते, माणूस नाही. जमैकात तर डीजे म्हणजे माइकवर बोलणारा. तबकड्या लावतो तो सिलेक्टर. ‘त्या डीजे आहेत’पेक्षा ‘त्या डीजे म्हणून संगीत वाजवतात’ असं लिहा.