सड्यावरच्या टॉवरचे अलार्म ऐन पावसात पोचत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दापोलीत आमचं छोटं इंटरनेट नेटवर्क आहे. दाभोळ खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या पठारावर, आमचा टॉवर आहे. तिथे लाईटच्या एसीचं डीसी करणारा ४८ व्होल्टचा रेक्टिफायर, १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, रेडिओ आणि अलार्म गोळा करणारा आरटीयू आहे. खालच्या वाड्यांत मोबाईलला रेंज नाही. रात्री कोणाचं दुखलंखुपलं तर डॉक्टरांना किंवा रिक्षावाल्याला फोन आमच्या वायफायवरूनच लागतो, म्हणून जीव टांगणीला लागतो.

पाऊस लागला की लाईट सारखी येते-जाते आणि ‘मेन्स फेल’, ‘मेन्स ओके’ची रांग लागते. त्या गर्दीत बॅटरी उतरल्याचा कामाचा अलार्म दिसतच नाही. कधी तो निघतो तोवर रेडिओची लिंक पडलेली असते. ट्रॅप, म्हणजे आरटीयूने पाठवलेला अलार्मचा संदेश, यूडीपी या पद्धतीने जातो, तीत पोच येत नाही, म्हणजे वाटेत गेला तो गेलाच. फेरीबोट बंद झाल्यावर कळलं तर खेड-चिपळूणचा वळसा घेऊन जावं लागतं.

दुसरं दुखणं खाऱ्या वाऱ्याचं. जनरेटरच्या अलार्मची वायर टर्मिनलपाशी हिरवी पडून आतून तुटली होती. काँटॅक्ट नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघडा आणि अलार्म आला की जुळणारा, असल्याने तुटलेली वायर आणि ‘सगळं ठीक’ यांत आरटीयूला फरकच कळेना. स्क्रीनवर हिरवा दिवा, जनरेटर बंद! बसवून देणारे म्हणतात सॉफ्टवेअर अपडेट करा. मला ते पटत नाही, दोष वायरिंगच्या पद्धतीत आहे.

सगळे काँटॅक्ट नॉर्मली क्लोज्ड (एरवी जुळलेले, अलार्मला उघडणारे) करावेत, म्हणजे वायर तुटली तरी अलार्म येईल, असं माझं मत आहे. पण दमट हवेत खोटे अलार्म वाढतात का? किनाऱ्यावर कोणी केलंय? टर्मिनलला काय लावता, ग्रीस की आणखी काही?

लाईट गेली की व्होल्टेज ५४ वरून चटकन ५० च्या आसपास येतं, मग सावकाश उतरतं. रेडिओ ४३.२ ला तुटतो, म्हणजे चार बॅटऱ्यांचे मिळून २४ सेल धरले तर सेलमागे १.८ व्होल्ट. माणूस पोचेल इतका वेळ मिळायला अलार्म किती व्होल्टला लावावा? बॅटऱ्या जुन्या आहेत, हे धरून सांगा. आणि लाईट गेल्यावर ‘मेन्स फेल’ पाठवण्याआधी किती मिनिटं थांबायचा डिले ठेवता?

आणि सड्यावर एका कंपनीची रेंज येते. तिथे सिम टाकून बॅटरीचा अलार्म एसएमएसने वेगळ्या वाटेने पाठवावा, शिवाय ठरावीक वेळाने ‘जिवंत आहे’ असा मेसेज यावा आणि तो चुकला की इथे घंटा वाजावी, असं मनात आहे. असं चालवणारं कोणी असेल तर मोडेम कुठला आणि त्याला वीज कशावरून दिलीत, तेवढं कळवा. मृग लागायच्या आत बसवायचंय.