३/५ मराठा लाइट इन्फंट्री, इटली : आजोबांच्या युद्धसेवेचा माग कसा काढावा?

प्रश्न : खटावकर

आमचे आजोबा १९४२ साली फौजेत भरती झाले आणि १९४६ साली कायमचे गावी परतले. युद्धाविषयी ते फारसे बोलत नसत, त्यामुळे ‘आजोबा बर्मात होते’ एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आता जुन्या ट्रंकेत त्यांचा डिस्चार्जचा कागद सापडला असून त्यावर ‘३/५ एम. एल. आय.’ असे लिहिले आहे. सोबत सहा टोकांचा एक तारा आहे व त्याच्या फितीवर तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असे उभे पट्टे आहेत. चुलते म्हणतात की ३/५ म्हणजे पाचव्या पलटणीची तिसरी कंपनी. आजोबा नेमके कोठे लढले, हे यावरून समजू शकेल का?

उत्तर : रणवार्ता

आपले आजोबा बर्मात नव्हे, इटलीत होते. बर्मा स्टार या युद्धपदकाची फीत गडद निळी, नारिंगी आणि मध्ये रुंद तांबडी असते. आपण वर्णन केलेली फीत इटलीतील मोहिमेसाठीच्या ‘इटली स्टार’ या पदकाची आहे. ताऱ्याच्या मधल्या वर्तुळावर इंग्रजीत पदकाचे नाव कोरलेले असते, ते भिंगाखाली पाहून खात्री करून घ्यावी.

आकड्याचा उलगडाही आवश्यक आहे. त्या काळी मराठा लाइट इन्फंट्री ही फौजेतील पाचव्या क्रमांकाची रेजिमेंट होती, म्हणून ३/५ म्हणजे तिची तिसरी बटालियन. अनेक घरांत ‘मराठा पलटण’ एवढीच आठवण उरते आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो, कारण एकाच रेजिमेंटच्या बटालियन अगदी वेगवेगळ्या आघाड्यांवर होत्या. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातील तोब्रुक पडल्यावर कैदेत गेली, चौथी मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील संगशाकला जपान्यांशी लढली, तर पहिली आणि तिसरी इटलीत होत्या आणि त्याही निरनिराळ्या डिव्हिजनांत (अनेक बटालियन मिळून होणाऱ्या मोठ्या सैन्यविभागांत). आजोबांच्या सेवेचा शोध बटालियनच्या क्रमांकापासूनच सुरू करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर : बेळगावकर

वरील माहितीत थोडी भर घालतो. तिसरी बटालियन १९४१ साली इरिट्रियातील केरनच्या लढाईत होती. पुढे १९४४ मध्ये दहाव्या भारतीय डिव्हिजनच्या विसाव्या ब्रिगेडमधून ती इटलीत उतरली. ४ जूनला रोम मुक्त झाले, दोनच दिवसांनी नॉर्मंडीत सैन्य उतरले आणि जगाचे लक्ष फ्रान्सकडे वळले. इतकेच नव्हे, तर दक्षिण फ्रान्सच्या स्वारीसाठी इटलीतील सात अमेरिकन व फ्रेंच डिव्हिजनही काढून घेण्यात आल्या. जर्मन फौज मात्र एकेक डोंगर लढवत गॉथिक रेषेकडे, म्हणजे उत्तर इटलीतील आपल्या संरक्षणफळीकडे, मागे सरकत होती. तिला तेथेच गुंतवून ठेवण्याचे काम उरलेल्या सैन्याकडे आले आणि त्या सैन्यात चौथी, आठवी व दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन होत्या.

याच काळात, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी पराक्रम गाजवला. ते माणगाव तालुक्यातील पळसगावचे आणि आपल्या आजोबांच्याच बटालियनमधले. अगदी जवळून मशीनगनचा मारा होऊन त्यांच्या सेक्शनमधील (छोट्या तुकडीतील) बाकी सर्व जवान मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा यांना निकामी केले, टॉमीगनने आणखी एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला सवड नसल्याने तीच बंदूक नळीकडून धरून दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार मिळाला. त्यांची समाधी कोठे आहे हे ज्ञात नाही. नाव कसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. इटलीच्या उंब्रिया प्रांतातील माँतोने गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले, ही आपल्याकडे अजून फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट मला मोलाची वाटते.

खटावकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. मग आजोबा त्या दिवशी घाडगे यांच्यासोबत होते, असे आम्ही घरात सांगू शकतो का?

उत्तर : बेळगावकर

एवढ्यावरून नाही. बटालियनमध्ये अनेक कंपन्या असतात, शिवाय १९४२ साली भरती झालेला जवान इटलीत केव्हा पोहोचला हेही पाहावे लागते. त्यासाठी डिस्चार्जच्या कागदावरील सैनिक क्रमांक, हुद्दा आणि गावाचे नाव देऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. अर्जाबाबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मागता येईल. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधण्यात वेळ घालवू नये, कारण तेथे युद्धकाळात मरण पावलेल्यांचीच नोंद असते आणि आपले आजोबा सुखरूप परतले.

बटालियनची रोजची हालचाल तिच्या युद्धदैनंदिनीत असते. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात या मालिका आहेत. त्यांत अधिकाऱ्यांची नावे येतात, साध्या शिपायाचे नाव क्वचितच. पण अभिलेख कार्यालयाकडून तारखा मिळाल्या, तर त्या दैनंदिनीशी ताडून कोणत्या महिन्यात कोणत्या नदीकाठी बटालियन होती हे ठरवता येईल. कंपनीचा उल्लेख मिळाला तर येथे अवश्य कळवावा, पुढचे आपण मिळून पाहू.