तारा कोणाच्याही असोत, पण नजर कोणाची?

लष्करकर: ग्वाल्हेरकडच्या डबरा गावाजवळ आमच्या बांधावर वीजवाहिनीच्या टॉवरचा एक पाय आहे. माघात दुरुस्तीचा ट्रक उभ्या हरभऱ्यातून गेला. चाकांचे दोन पट्टे, मधे घाटे चिरडलेले. भरपाई कोणाकडे मागायची हे कळायला तीन हपिसं पालथी घातली. तेव्हापासून डोक्यात आहे: तारांचा मालक कोणीही असो, वीज कुठून किती वाहावी हे ठरवणारा त्याच्या पगारावर नको. आपल्या मध्य प्रदेशात हे ठरवणारं राज्य भारप्रेषण केंद्र जबलपूरला, आणि ते वर्षानुवर्षं पारेषण कंपनीच, म्हणजे तारांची मालकच, चालवत आली आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ३१ मध्ये त्यासाठी सरकारी कंपनी किंवा प्राधिकरण नेमायला सांगितलंय. तोवर पारेषण कंपनीने सांभाळावं, एवढीच सोय होती. सोयच कायमची झाली.

रिले रूम: काका, ३० जुलै २०१२ आठवा. पहाटे २:३३ ला आपलीच बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइन ट्रिप झाली. लाइनवर दोष नव्हता. जोडीचं सर्किट ७६५ केव्हीच्या कामासाठी बंद, सगळा भार एकीवर. रिलेने, म्हणजे दोष दिसला की लाइन तोडणाऱ्या उपकरणाने, तो दोष समजून लाइन बंद केली. उत्तर भारताचं ग्रिड, म्हणजे विजेचं सगळं जाळं, बसलं, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही. चौकशीत निघालं काय? राज्यांनी ठरल्याहून जास्त वीज ओढली, आणि भारप्रेषण केंद्राने सांगूनही हात आखडला नाही. यात मालकी कुठे आली? शिस्त नव्हती. नवी कंपनी काढलीत तर तिचे पगार आपल्याच बिलात येतील.

लष्करकर: ऐकलं नाही, कारण सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन नव्हतं! राष्ट्रीय भारप्रेषण तेव्हा पॉवरग्रिडच्या, म्हणजे केंद्राच्या पारेषण कंपनीच्या, उपकंपनीकडे होतं. २०१७ मध्ये ते पॉवरग्रिडपासून वेगळं केलं, आज ती ग्रिड इंडिया. दिल्लीला पटलं ते जबलपूरला का पटू नये?

जीवाजीगंज: मला दोघांचंही पटत नाही. मुद्दा मालकीचाच आहे. २०११ पासून आंतरराज्य लाइनी बोलीने देतात. सर्वांत कमी भाडं मागणाऱ्याला ३५ वर्षांचा करार. बोलीत दर उतरतो, नाकारत नाही. पण एका गावाला दोन समांतर लाइनी कोणी टाकणार आहे का? एकदा उभी राहिली की मक्तेदारीच, आणि मक्तेदारी लोकांच्याच हाती हवी.

रिले रूम: ताई, सरकारी ट्रकही हरभऱ्यातूनच गेला असता. खासगी असो की सरकारी, दरावर शेवटचा शिक्का वीज नियामक आयोगाचाच.

लष्करकर: म्हणून आयोगालाच लिहितोय. पारेषण दराच्या याचिकेवर भोपाळचा आयोग हरकती मागवतो. माझ्या मसुद्यात दोन मागण्या आहेत: भारप्रेषण केंद्र वेगळं करा, आणि प्रत्येक टॉवरवर मालकाचं नाव व फोन हिंदीत ठळक लावा.

रिले रूम: दुसरीवर माझी सही घ्या. पहिलीवर नाही.

जीवाजीगंज: मी दोन्हीवर करते, पण सरकारी मालकीची तिसरी घाला.

लष्करकर: तिसरी वेगळ्या कागदावर, ताई. रविवारी मसुदा घेऊन येतो.