परदेशी शहरात हॉटेलात जेवताना: सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव सांगा

दिवाळीनंतर आईला घेऊन सिंगापूरला जाऊन आलो. आई ६७ वर्षांची, पूर्ण शाकाहारी. निघण्याआधी माहिती शोधली तर काय बघायचं याबद्दल ढीगभर सापडलं. पण टेबलावर बसल्यावर काय मागायचं, पाण्याचं काय, बिलात काय काय लागतं, हे आपल्या माणसांसाठी कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा धागा. फसलेले अनुभवही लिहा, ते जास्त उपयोगी पडतात.

सुरुवात मी करतो. लिटल इंडियात सेरंगून रोडला १९४७ पासूनचं कोमला विलास हे शाकाहारी हॉटेल आहे, तिथं जेवणाची काळजीच नव्हती. पण आईचं मन रमलं हॉकर सेंटरात. एका मोठ्या छपराखाली ओळीनं लहान लहान गाळे, मधे सगळ्यांची मिळून टेबलं. गर्दीत एक टेबल मोकळं दिसलं म्हणून मी बसायला गेलो, तर आईनं हात धरला. टेबलावर टिश्यूचं पाकीट होतं. "जागा धरलीय कुणीतरी," ती म्हणाली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या पिढीला हे सांगावं लागत नाही. जेवण झालं की ट्रे आपणच उचलून रॅकवर ठेवायचा, २०२१ पासून तसा नियमच आहे. हलाल ट्रेंचा रॅक वेगळा असतो, तेवढं बघून ठेवा.

फसलो ते एसी हॉटेलात. मेनूवर किमतीपुढं अधिकची दोन चिन्हं होती, मी दुर्लक्ष केलं. १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी, असा त्याचा अर्थ. ४० डॉलरचं जेवण ४७.९६ ला पडलं. हॉकरच्या गाळ्यावर पाटीवरचीच किंमत द्यायची.

कराडहून

पॅरिसला मुलीकडं गेलो होतो. पहिल्या दिवशी फिरता फिरता चार वाजले आणि पोटात कावळे. तिथं बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं, ते संध्याकाळी सातनंतरच उघडतं. खुर्च्या मांडलेल्या, माणसं कॉफी पीत बसलेली, पण जेवण नाही. यजमानांना मधुमेह आहे, त्यामुळं माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. शेवटी बेकरीतून पाव आणि चीज घेऊन बाकावर बसलो. दुसऱ्या दिवसापासून साडेबाराला जेवायचं ठरवून टाकलं.

पाण्याचंही सांगते. "वॉटर" म्हटलं की बाटली येते आणि ती बिलात लागते. "कराफ दो" म्हणायचं, म्हणजे नळाच्या पाण्याचा काचेचा तांब्या फुकट मिळतो. सर्व्हिस किमतीतच धरलेली असते, टिप दिलीच पाहिजे असं नाही. शाकाहारी लोकांनी कुट्टूच्या पिठाचा घावन मागावा, गालेत म्हणतात त्याला. आत हॅम घालतात, म्हणून फक्त चीज-मशरूमचा सांगायचा. मरे भागात रोझिए नावाच्या गल्लीत फलाफल मिळतं, ते आम्ही तीनदा खाल्लं.

सांगली, विश्रामबागहून

आम्ही जैन. बँकॉकला जाताना सासूबाईंनी बॅगेत भडंग, खाकरे, मेतकूट सगळं भरून दिलं होतं. तिथं भाजीतसुद्धा फिश सॉस पडतो, "व्हेज" म्हणून भागत नाही. पण रस्त्यात एके ठिकाणी पिवळी पताका दिसली, तिच्यावर लाल अक्षरं. ती खूण "जे" जेवणाची. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूणही नसतो! गाजर-बटाटा असू शकतो, तो विचारून काढायला सांगावा लागतो. मला त्या गाड्यावरच्या मावशींच्या पाया पडावंसं वाटलं. टोफू-भाजी आणि भात, सूर्य मावळायच्या आत. पताका नसेल तिथं "माय साय नाम प्ला" म्हणा, म्हणजे फिश सॉस घालू नका.

मिरजेहून

रोममध्ये कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यायची. बसलात की दर वाढतो. पाणी विकत घेऊ नका, रस्तोरस्ती नळ वाहतात, पाणी पिण्याचंच आहे. अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, कडक शाकाहारी असाल तर पास्त्यावर भुरभुरू देऊ नका.

वाईहून

तोक्योत कंपनीच्या कामानं तीन आठवडे होतो. मिसो सूप निरागस दिसतं, पण त्याच्या पाण्यात बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. मी आठवडाभर पीत होतो, कळल्यावर फार वाईट वाटलं. बौद्ध मठांच्या पद्धतीचं शोजिन र्‍योरी मात्र निर्धास्त खावं. लहान दुकानात दाराशी मशीन असतं, आधी पैसे घालून तिकीट काढायचं. टिप कुठंच नाही. मी टेबलावर सुटे पैसे ठेवून निघालो, तर वाढणारा मुलगा ते द्यायला सिग्नलपर्यंत धावत आला.

वरच्या भडंगाबद्दल एक: डबा जरूर न्या, पण खोलीवर किंवा बागेत खा. दुसऱ्याच्या हॉटेलात बसून आपला डबा सोडणं बरं दिसत नाही.

पुन्हा मी, सातारा

विश्रामबागच्या ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं. तिनं "माय साय नाम प्ला" देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय आणि विचारतेय, बँकॉकला थंडीत जावं की फेब्रुवारीत?