पोर्ट्रेटच्या मागचं पुस्तकांचं कपाट आधी वेगळं काढावं का?

पेठेतला_चित्रकार: राम राम मंडळी. शिवाजी पेठेत आमच्या शेजारी एक रिटायर झालेले मास्तर आहेत, आयुष्यभर लिहीत आलेत, त्यांचं पोर्ट्रेट घेतलंय करायला. चेहरा जमलाय, पण मागं भिंतभर पुस्तकं आहेत ती काढली की विटा रचल्यासारखी दिसायला लागतात आणि मास्तर बाजूलाच राहतात. मित्र म्हणतोय मागं प्लेन तपकिरी मार. मला पटत नाय, पुस्तकांशिवाय ते मास्तर वाटतच नाहीत. काय करू?

कोळसा_खडू: प्लेन अजिबात मारू नको भावा. फ्रेंच चित्रकार देगानं 1879 ला एदमों द्युरांती या लेखकाचं पोर्ट्रेट केलं, त्याच्यासाठी नुसत्या पुस्तकांच्या शेल्फांचा वेगळा स्टडी, म्हणजे तयारीचं चित्र, केलाय, कोळसा आणि पांढरा खडू, माणूस नाहीच त्यात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. बघ जरा, एकेक पुस्तक घोटत बसलेला नाय तो, फळ्या आणि पुस्तकांचे गठ्ठे पकडलेत. माणसाचा स्टडी वेगळा केलाय, त्याच्यावर मोठं करायला चौकटी पाडल्यात.

जुना_वाचक: यात अजून एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. या द्युरांतीनंच 1876 ला नव्या चित्रकलेवर पुस्तिका लिहिलेली, त्यात त्याचं म्हणणंच हे की माणूस कोऱ्या बॅकग्राउंडपुढं उभा नसतो, तो त्याच्या खोलीत, त्याच्या सामानात असतो, नुसत्या पाठीवरनं पण त्याचं वय, स्वभाव कळला पाहिजे. म्हणजे देगानं त्याचंच म्हणणं त्याच्याच चित्रात उतरवलं. मूळ चित्र ग्लासगोच्या बरेल कलेक्शनमध्ये, पेस्टल वगैरे वापरून केलेलं, मागं पुस्तकं, पुढं टेबलावर पण पुस्तकं आणि कागद, आणि हा बोटं डोळ्याजवळ टेकवून विचारात. पुढच्याच वर्षी 1880 ला द्युरांती गेला.

रंकाळ्याकाठी: डोळे बारीक करून बघ, पुस्तकं दिसायची बंद होतात आणि गडद-फिकट पट्टे दिसतात, तेच काढ. करवीर नगर वाचन मंदिरात विचारून चार दिवस बसता आलं तर नुसती कपाटंच काढ, हात मोकळा होईल. आणि डोक्यामागं फिकट पुस्तकं नको, मास्तरांचे केस पांढरे असतील तर हरवतील.

पेठेतला_चित्रकार: केस पांढरेच आहेत, म्हणूनच हरवत होते! आज परत गेलो, फक्त कपाट काढलं कोळशानं. मास्तर म्हणाले वरच्या फळीवरची आडवी पडलीत ती सरळ लावून देऊ का. म्हटलं सर, हात लावू नका.