मदत हवी: मुलीची रायफल जर्मनीहून परत आणायची आहे, कस्टमचा कागद नाही, परवा फ्लाइट

तिलकनगर_इंदूर
लवकर उत्तर हवं आहे, परवा रात्री निघायचं आहे. मी आणि मुलगी जर्मनीत आहोत, तिची स्पर्धा काल संपली. येताना आपल्याकडच्या कस्टमचा कागद घेतला नाही. कोच म्हणाले होते की लायसन्स आहे तर बाकी काही लागत नाही. आता इथे दुसऱ्या टीमचे मॅनेजर भेटले, ते सांगून राहिलेत की तो कागद नसला तर परतताना रायफल ठेवून घेतात. खरंच असं होतं का? आणि आता इथून काय करता येईल? ज्याला नक्की माहीत आहे त्यानेच लिहा, दोन रात्री झोप नाही.

सुभेदार_महू
कोणती रायफल, हवेच्या दाबावर चालणारी एअर की काडतुसांची .२२? लायसन्स कोणाच्या नावावर? भारतात पहिलं विमानतळ कोणतं? सोबत काडतुसं आहेत का? हे सांगितल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

मांडवी_बडोदे
एअर रायफल असेल तर काळजीच सोडा. ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूल ताकदीच्या आतली असेल तर आपल्याकडे परवानाच लागत नाही. दहा मीटरची स्पर्धेची रायफल तर साडेसात जूलच्या आसपास असते. माझ्या मुलाची तशीच आहे, आम्ही ती बडोद्याहून कितीतरी वेळा नेली-आणली.

तिलकनगर_इंदूर
एअर नाही हो, .२२ आहे, पन्नास मीटर थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम मारायची स्पर्धा). लायसन्स मुलीच्या नावावर, ती २२ वर्षांची आहे. फ्रँकफुर्ट ते दिल्ली, मग दिल्ली ते इंदूर. मला फक्त कस्टमचं सांगा.

न्यूजर्सीच्या_वहिनी
भाऊ, घाबरू नका. आमच्याकडे याला फॉर्म ४४५७ म्हणतात. देशाबाहेर जाण्याआधी बंदूक कस्टमच्या माणसाला दाखवायची, तो नंबर बघून शिक्का मारतो. परत येताना तो कागद दाखवला की वस्तू आपलीच होती हे सिद्ध होतं. माझे यजमान शिकारीला कॅनडात जातात तेव्हा दर वेळी हेच करतात. तुम्ही जर्मनीच्या कस्टममध्ये जाऊन तसा फॉर्म मागून बघा.

लष्कर_ग्वाल्हेर
वहिनी, तो फॉर्म अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. यांना जर्मनीच्या शिक्क्याचा उपयोग नाही, कारण वस्तू भारतातून बाहेर गेली होती हे भारताच्या कस्टमला पटवायचं आहे. आपल्याकडच्या कागदाला एक्स्पोर्ट सर्टिफिकेट म्हणतात आणि तो निघतानाच मिळतो.

धागाकर्त्यांसाठी: मी वकिली करतो. शस्त्र कायदा १९५९, कलम १०. शस्त्रं देशात आणायला किंवा बाहेर न्यायला परवाना लागतो, पण ज्याला ते शस्त्र बाळगायचा कायदेशीर हक्क आहे तो स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी संख्येत ते वेगळ्या परवान्याशिवाय नेऊ-आणू शकतो. मुलीकडे लायसन्स आहे, रायफलचा नंबर त्यावर चढलेला आहे, तर कायदा तिच्या बाजूने आहे. ठामपणे बोला.

सुभेदार_महू
वकीलसाहेब, कायदा बरोबर आहे, पण रात्री तीन वाजता काउंटरवरच्या माणसाशी कलमांवर वाद घालून रायफल सुटत नाही. त्याच्यासमोर एकच प्रश्न असतो: ही इथून गेलेली आहे की तिकडे विकत घेतलेली? त्याला कागद दाखवावा लागतो.

लष्कर_ग्वाल्हेर
आणि कायदा माहीत नसला तर माणूस घाबरून नको ते लिहून देतो. मी अशा केसेस पाहिल्या आहेत. कलम माहीत असणं म्हणजे वाद घालणं नाही.

ग्वाल्हेरची_सून
माफ करा, विषय थोडा वेगळा आहे. आमच्या घरी सासरेबुवांच्या वडिलांची दुनाळी आहे, खंडेनवमीला तिची पूजा होते. यांच्या नावावर आधीच दोन आहेत. २०१९ नंतर दोनच ठेवता येतात म्हणतात, मग तिसरीचं काय करायचं? जमा करायला जीव होत नाही.

सुभेदार_महू
ताई, वेगळा धागा काढा, मी लिहीन. एवढं आत्ताच सांगतो की मर्यादा तीनवरून दोन झाली आणि लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, दोन्ही २०१९ च्या दुरुस्तीतलं. घरात दुसऱ्या कोणाला लायसन्स मिळत असेल तर त्यांच्या नावावर करता येते का ते विचारा.

तिलकनगरवाले दादा, आता तुमचं. लायसन्सची वैधता ऑल इंडिया आहे की फक्त मध्य प्रदेश? आणि काडतुसांचं तुम्ही अजून सांगितलं नाही.

तिलकनगर_इंदूर
ऑल इंडिया आहे. काडतुसं नेली होती त्यातली साधारण ८० उरली. शिवाय उल्मला लॉट टेस्टिंग केलं, म्हणजे काडतुसांचे वेगवेगळे लॉट रायफलमधून मारून पाहिले, तिथे एक लॉट तिच्या रायफलला फार छान बसला, म्हणून ५०० घेतली. आणि बॅरल, म्हणजे नळी.

सुभेदार_महू
बॅरल?

तिलकनगर_इंदूर
हो, नवीन बॅरल घेतली. जुनीतून बरीच वर्षं फायरिंग झालं आहे, ग्रुप उघडायला लागला होता, म्हणजे गोळ्या एकमेकींपासून लांब लागत होत्या. वेगळ्या डब्यात आहे, बसवलेली नाही. हे महत्त्वाचं आहे का? मी तर रायफलचं विचारलं होतं.

मांडवी_बडोदे
दादा, हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

जुगाडी_सराफा
सोपं आहे. तिथल्याच माणसाकडून बॅरल रायफलला बसवून घ्या. एक रायफल गेली, एकच आली. जुनी तिथे सोडून द्या.

सुभेदार_महू
हे अजिबात करू नका. मी तीस वर्षं हत्यारांत काढली आहेत, हात जोडून सांगतो. रायफलचा नंबर बॅरलवरही असतो. लायसन्सवर एक नंबर आणि बॅरलवर दुसरा, म्हणजे आज जो एक कागद कमी आहे त्याच्या जागी खोटेपणाचा संशय उभा राहील. २२ वर्षांच्या मुलीच्या नावावर शस्त्र कायद्याची केस. तिचं खेळणं तिथेच थांबेल.

जुगाडी_सराफा
माझ्या ओळखीतले लोक करतात म्हणून सांगितलं. दादांचं वाईट व्हावं असं मला नाही वाटत.

लष्कर_ग्वाल्हेर
या मुद्द्यावर सुभेदारांशी शंभर टक्के सहमत. शस्त्र कायद्यात "शस्त्र" या शब्दात सुटे भागही येतात. म्हणजे बॅरल हे वेगळं शस्त्रच धरलं जाईल आणि ती नव्याने आयात होते आहे. कलम १० ची जी सवलत मी वर सांगितली ती लायसन्सवर चढलेल्या हत्यारासाठी. लायसन्सवर नसलेल्या बॅरलला ती लावू नका.

काडतुसांचंही ऐका. विमान कंपनी एका प्रवाशाला ५ किलोपर्यंत काडतुसं चेक-इन बॅगेत नेऊ देते, आणि .२२ ची ५०० काडतुसं दोन किलोच्याही आत बसतात. म्हणून लोकांना वाटतं की चालतं. पण बॅगेजमधून ५० च्या वर काडतुसं आपल्या कस्टममध्ये चालत नाहीत. नेमबाजांना जास्त आणायची असतील तर रायफल असोसिएशनमार्फत आधी आयातीची परवानगी काढावी लागते. विमानाचा नियम वेगळा आणि कस्टमचा वेगळा.

तिलकनगर_इंदूर
बॅरलसाठी मी मुदत ठेव मोडली आहे. ती तशीच सोडून यायची? मुलगी समोर बसली आहे, तिला हे वाचून दाखवतोय, ती रडायला लागली. कोणीतरी सांगा काय करू.

सुभेदार_महू
सोडायची नाही, ठेवायची. ज्याच्याकडून घेतली त्याला फोन करा. बॅरल आणि ५०० काडतुसं त्याच्याकडे जमा ठेवा, पैसे मिळाल्याची आणि माल ठेवल्याची पावती मुलीच्या नावाने लिहून घ्या. घरी येऊन आयातीची परवानगी काढा, मग तो रीतसर पाठवेल. काही महिने लागतील, पण बॅरल तुमचीच राहील. उरलेल्या ८० मधली ३० उद्या रेंजवर सराव करून संपवा, म्हणजे ५० राहतील. सगळीच संपवली तर आणखी उत्तम.

आता रायफल. एक्स्पोर्ट सर्टिफिकेट आता मिळणार नाही, त्याच्या जागी ती भारतातून गेली हे दाखवणारं जे सापडेल ते सगळं गोळा करा. मूळ लायसन्स. रायफल असोसिएशनचं पत्र, त्यात रायफलचा नंबर असला तर फारच चांगलं. स्पर्धेच्या आयोजकांचं बोलावणं आणि जर्मनीत रायफल आणायची परवानगी, त्यावर जर्मनीत शिरल्याची तारीख असते. आणि जाताना विमान कंपनीने शस्त्र जमा करून घेतलं तेव्हाचा फॉर्म किंवा टॅग. शेवटचा कागद सगळ्यात मोलाचा आहे, कारण ही रायफल त्या दिवशी भारतात विमानात चढली हे त्यावरूनच कळतं. फेकला नाही ना?

तिलकनगर_इंदूर
बॅगच्या हँडलला अडकलेला अर्धा टॅग आहे. फॉर्मची कॉपी मुलीच्या फोनमध्ये आहे, तिने फोटो काढून ठेवला होता. देवाची कृपा.

न्यूजर्सीच्या_वहिनी
शाब्बास पोरी.

सुभेदार_महू
मग बरंच काम झालं. दिल्लीत सामान घेऊन सरळ रेड चॅनलला, म्हणजे कस्टमला काही जाहीर करायचं असलेल्यांच्या रांगेत, जायचं. ग्रीनकडे चुकूनही नाही. कोणी विचारायच्या आधी स्वतः सांगायचं: हे लायसन्स, ही रायफल, जाताना सर्टिफिकेट घ्यायचं राहिलं, हे बाकीचे कागद. लपवलं नाही हे दिसलं की निम्मा संशय तिथेच जातो.

लष्कर_ग्वाल्हेर
आणि तरीही ठेवून घेतलीच तर भांडू नका. डिटेन्शन रिसीट, म्हणजे वस्तू ठेवून घेतल्याची पावती, मागा, तिच्यावर रायफलचा मेक, नंबर आणि काडतुसांची संख्या नीट लिहून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका मुलाची रायफल एका विमानतळावर अशीच नऊ दिवस अडकली होती, पण पावती पक्की होती म्हणून सुटली. इंग्रजीत लिहिलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. आता सुभेदारांनी परवानगी दिली तर म्हणतो, कलम १० चा मजकूर फोनमध्ये ठेवा.

सुभेदार_महू
दिली. ठेवाच.

वाघोडिया_रोड
मला पण याच विषयावर विचारायचं आहे. माझा मामेभाऊ अमेरिकेतून कायमचा बडोद्याला येतोय, त्याच्याकडे तिकडची पिस्तूल आहे. आणता येईल का?

लष्कर_ग्वाल्हेर
कायमचं राहायला येणाऱ्याला परवानगी असलेल्या बोअरचं एकच हत्यार आणता येतं, आणि तेही परदेशात निदान वर्षभर त्याच्या ताब्यात व वापरात असेल तर. त्याच्याकडे भारतातलं लायसन्स हवं, आणि आणल्यावर ते विकता किंवा कोणाला देता येत नाही. ९ मिमीची असेल तर विषय सोडा, ते बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे.

तिलकनगर_इंदूर
(तीन दिवसांनी) पोचलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्या पाया पडतो.

बॅरल आणि काडतुसं दुकानदाराकडे ठेवली, त्याने पावती आनंदाने लिहून दिली, म्हणाला बाहेरच्या देशांतले नेमबाज असं नेहमी करतात. उरलेली काडतुसं मुलीने रेंजवर संपवली, एकही आणली नाही. रेड चॅनलला दीड तास लागला. अधिकाऱ्याने केस उघडायला लावली, टॉर्च लावून नंबर वाचला, लायसन्सशी आणि पत्राशी ताडून पाहिला. मग फोनमधला फोटो बघून विचारलं, हा कोणी काढला? मुलगी म्हणाली, मी. वरच्या साहेबांना दाखवून आला, लेखी निवेदन घेतलं आणि जा म्हणाला. पुढच्या वेळी निघताना सर्टिफिकेट घ्या, हे दोनदा सांगितलं.

दिल्ली-इंदूरला परत सगळं जाहीर करून चेक-इन केलं. सोमवारी मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीत जातो, बॅरलसाठी लायसन्सवर काय करावं लागतं ते विचारायला. कळलं की इथे लिहीन.

मांडवी_बडोदे
खूप आनंद झाला. पण हे सगळं वाचून मीच आता घाबरलो. माझ्या मुलाच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण तो एक्स्पोर्टचा कागद लागतो का? आम्ही कधीच घेतला नाही.

सुभेदार_महू
घ्या. परवान्याशी त्याचा संबंध नाही. परदेशी बनावटीची महाग वस्तू आहे, येताना कोणी नवीन समजून ड्युटी मागितली तर जुनीच आहे हे कशावरून दाखवणार? फ्लाइटच्या दिवशी एक तास आधी निघा, बॅग चेक-इनला टाकायच्या आधी कस्टमला दाखवा. टाकल्यावर दाखवायला हातात काहीच राहत नाही.