गुडघेदुखीची गोळी रोज: बीपीच्या औषधांसोबत चालते का?

प्रश्न (सांगलीकर): आई, वय ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज. असेक्लोफिनॅक (वेदनाशामक) १०० + पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅची गोळी दिवसातून दोनदा. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळीही चालू आहे. असंच पुढे चालू ठेवलं तर?

औषधवाला: काळजी इथेच आहे. असेक्लोफिनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी, तिन्ही एकत्र आली की किडनीचा रक्तपुरवठा घटतो. शिवाय असेक्लोफिनॅकने बीपीही चढतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, हिमोग्लोबिन तपासून घ्या. जुलाब-उलट्या झाल्या तर वेदनाशामक थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा; बीपीची औषधं मनाने बंद करू नका.

सांगलीकर: सोबत पॅन्टोप्राझोल आहे ना?

औषधवाला: ती जठर सांभाळते, किडनी नाही! तीही जेवणाआधी अर्धा तास हवी. बरेच जण जेवणानंतर घेतात. शौच डांबरासारखं काळं झालं तर (पोटात रक्तस्रावाची खूण) थेट दवाखाना.

मेघना_फिजिओ: डॉक्टरांना डायक्लोफिनॅक १% जेलचं विचारा. गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चारदा, हे पूर्ण प्रमाण. वाटाण्याएवढं लावून गुण येत नाही. वर शेक किंवा पट्टी नको. पोटातल्या गोळीपेक्षा रक्तात खूपच कमी जातं. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हवेतच.

औषधवाला: आणि सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, पाकिटामागचं वाचा, नाहीतर दोन्हीकडून डोस वाढतो. ट्रॅमाडॉल (दुसऱ्या प्रकारचं, जास्त तीव्र वेदनाशामक) दिलं तर बद्धकोष्ठ आणि चक्कर येऊ शकते. रात्री बाथरूमकडे जाताना सांभाळा.